चौघांची 4 × 100: बॅटन बदलण्याची नोंद

गेल्या काही आठवड्यांत आम्ही कुणाचाच वेग वाढवायच्या मागे लागलो नाही. सगळा सराव फक्त 4 × 100 मीटर रिलेतली बॅटन, म्हणजे एकाने धावत पुढच्याच्या हाती सोपवायची दांडी, देण्याघेण्याचा. पहिली मी, दुसरी मुलगी, तिसरा धाकटा आणि शेवटी मुलांचे बाबा. चौघांत वेगवान मुलगी, आणि धाकटा अजून तिच्या खांद्यालाही लागत नाही. अशा संघाला सेकंद कुठे सापडतात, ते आता बरंच स्पष्ट दिसायला लागलंय.

मोजायची पद्धत आधी सांगते. चौघांची वेगवेगळी धावलेली 100 मीटरची वेळ घ्यायची, बेरीज करायची आणि रिलेची वेळ तिच्यातून वजा करायची. जमैकाच्या पुरुषांनी 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 36.84 सेकंदांचा विश्वविक्रम केला. कार्टर, फ्रेटर, ब्लेक आणि बोल्ट यांच्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम वेळा मिळवल्या तर 38.93 होतात. म्हणजे रिले 2 सेकंदांहून जास्त वेगाने झाली, कारण पहिला सोडला तर बाकी तिघांच्या हातात बॅटन येते तेव्हा ते आधीच पळत असतात. आमची वजाबाकी सुरुवातीला जवळजवळ शून्य यायची. तिघंही थांबून, वळून, हात पुढे करून बॅटन घेत होतो, त्यामुळे साहजिकच. आता फरक दीड सेकंदाच्या आसपास राहतो. पाय तेच आहेत.

सगळ्यात जास्त डोकं झोनवर घातलं. 2017 च्या अखेरीस नियम बदलल्यापासून 4 × 100 मध्ये प्रत्येक बदलाला 30 मीटरचा झोन मिळतो: टप्प्याच्या रेषेआधी 20 आणि नंतर 10. बॅटन या 30 मीटरमध्येच बदलायला हवी, आणि पंच बघतात ते बॅटन कुठे आहे, पाय कुठे आहेत ते नव्हे. याचा अर्थ मधल्या दोघांना हातात बॅटन घेऊन बरोबर 100 मीटरच धावावं लागतं असं नाही. कमीत कमी 70 आणि जास्तीत जास्त 130 मीटर होऊ शकतात. वयांत आणि ताकदीत एवढं अंतर असलेल्या कुटुंबासाठी ही तरतूद म्हणजे सोनं आहे! मुलीने जास्त अंतर वाहायचं, धाकट्याने कमी.

पण झोनच्या तोंडाशीच बॅटन घ्यायची म्हटलं तर घेणाऱ्याला वेग धरायला जागा उरत नाही. मुलीने माझ्याकडून अगदी सुरुवातीला घेऊन पाहिली. अंतर वाढलं, पण ती जवळजवळ उभ्यानेच निघत होती आणि एकूण वेळ उलट वाढली. आता ती माझ्याकडून झोनच्या मध्याच्या थोडं पुढे घेते आणि धाकट्याला मात्र झोनच्या शेवटच्या काही मीटरमध्ये देते. धाकटा झोनच्या आतच, पण पुढे सरकून उभा राहतो. वेग धरायला त्याला थोडीच जागा लागते, म्हणून हे जमतं.

घेणाऱ्याच्या मागे ट्रॅकवर लावायची खुणेची चिकटपट्टी प्रत्येक जोडीची वेगळी. देणारा त्या पट्टीवर आला की घेणाऱ्याने मागे न बघता सुटायचं. पट्टीचं अंतर आपल्याच पावलांनी मोजायचं, म्हणजे कुठल्याही ट्रॅकवर पुन्हा लावता येतं. मुलगी मागून येताना धाकट्याची पट्टी बरीच लांब ठेवावी लागली, नाहीतर ती त्याच्या अंगावरच येते. धाकट्याकडून बाबांकडे जाताना गणित उलटं: बाबा भरात निघाले की धाकटा त्यांना गाठूच शकत नाही. तिथे पट्टी जवळ आणली आणि बाबांनी पहिली पावलं आवरून टाकायची असं ठरवलं. ‘हात!’ ही हाक देणाऱ्यानेच द्यायची, आणि हाक ऐकल्याशिवाय हात मागे न्यायचा नाही. हात मागे ठेवून पळणं हा वेग घालवायचा हमखास मार्ग आहे.

देण्याची पद्धत सगळ्यांना एकच हवी हा हट्ट मला पटत नाही. मुलगी धाकट्याला बॅटन सरळ पुढे, तळव्यात ढकलून देते. धाकट्याने तसंच बाबांना द्यायचं म्हटलं तर त्याला हात डोक्याच्या उंचीवर न्यावा लागतो. म्हणून तिथे खालून वर: बाबा तळवा कमरेजवळ उघडा ठेवतात आणि तो खालून बॅटन बसवतो. जपानच्या संघाने 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच खालून देण्याच्या पद्धतीने 37.60 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं, आणि तेव्हा त्या चौघांपैकी एकानेही 100 मीटर 10 सेकंदांच्या आत धावलेले नव्हते. ती शर्यत मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवते.

खालून देण्यात एक अडचण आहे. घेणाऱ्याची मूठ देणाऱ्याच्या मुठीला खेटून बसते, त्यामुळे बॅटनचं पुढचं टोक प्रत्येक बदलाला आखूड होत जातं. आमच्यात हा प्रकार फक्त शेवटच्या बदलाला, आणि धाकट्याची मूठ लहान, त्यामुळे बाबांना पुरेशी जागा मिळते. बॅटन मात्र पहिल्यापासून नियमातलीच वापरा: 28 ते 30 सेंटीमीटर लांब, निदान 50 ग्रॅम वजनाची. लहान मुठीला ती जाड वाटते, आणि तिची सवय व्हायला वेळ लागतो.

हात: मी उजव्या, मुलगी डाव्या, धाकटा उजव्या, बाबा डाव्या. वळणावरचे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि धाकटा, उजव्या हातात धरून लेनच्या आतल्या कडेने पळतो. बॅटन पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची, हा नियम सरावातही पाळतो. धाकट्याकडून पडली तेव्हा कुणीही वाकलं नाही. त्याने स्वतः उचलली आणि शर्यत पूर्ण केली.

पूर्ण वेगाचे बदल एका सत्रात मोजकेच ठेवते. मोठ्यांच्या मांडीच्या मागच्या स्नायूंना थंड अंगाने अचानक सुटणं झेपत नाही, आणि रिलेत वाट बघत उभं राहावंच लागतं. म्हणून बाकीचा सराव सावकाश जॉगिंग करत एका रांगेत: मागचा पुढच्याला देतो, बॅटन सगळ्यात पुढे पोहोचली की तो ती घेऊन मागे येतो.

पुढच्या सत्रांत फक्त शेवटचा बदल. बाबांची पट्टी अर्ध्या पावलाने मागे-पुढे करून बघणार, आणि धाकटा दमलेला असताना ती कुठे हवी, ते वेगळं मोजणार.