आजोबांनी आधी अंगठी काढायला लावली

आपल्याकडे आरसा पुसायचा म्हणजे रद्दीतला पेपर ओला करायचा आणि खसाखसा घासायचा. आईने आम्हाला हेच शिकवलं आणि आरसा लखलखायचाही. तेच ज्ञान मी गेल्या उन्हाळ्यात इथे जर्मनीत एका ग्लायडरच्या पारदर्शक झाकणावर पाजळलं. पावसाचे थेंब वाळून डाग पडले होते, पेपर हाताशी होता, दोन मिनिटांत काम झालं. मग ढग सरकला, ऊन आलं, आणि झाकणातून पाहिलं तर सूर्याभोवती बारीक रेघांचं कोळ्याचं जाळं!

मी डार्मश्टाटमध्ये राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची, पण शनिवार-रविवार जवळच्या एका ग्लायडिंग क्लबात जातात. इंजिन नसलेलं विमान विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने वर खेचायचं, दोर सुटला की वर चढणारी गरम हवा शोधायची आणि तिच्यात घारीसारख्या घिरट्या घालायच्या. हे परवडतं, कारण उन्हाळ्यात उडायचं तर हिवाळ्यात सगळ्यांनी कार्यशाळेत राबायचं असा इथला रिवाज आहे. माझ्या वाट्याला काय आलं हे सांगायला नकोच.

शिकवायला होते सत्तरी ओलांडलेले एक सदस्य. क्लबात लहानथोर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. माझी जीभ काही वळत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणतो.

आजोबांनी आधी माझी अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं. मग भरपूर पाणी ओतत उघड्या तळहाताने झाकण हळूहळू चाचपायला सांगितलं. फडकं मातीचा कण दडवतं आणि तोच कण फरफटत नेतं. हाताला मात्र तो लगेच कळतो. पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, बस. घरातल्या काचांवर मारायचा अमोनियाचा फवारा वर्ज्य, ॲसिटोन आणि पेट्रोलही वर्ज्य. कारण ही काच नाहीच. हे ॲक्रिलिक, एक पारदर्शक प्लास्टिक. 1933 साली ऑटो र्‍योम यांच्या कंपनीने त्याचं ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं ते याच डार्मश्टाटात, म्हणजे मी गावच्या मालालाच ओरखडे काढले होते. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, प्रकाश जवळजवळ 92 टक्के आरपार, तापवून हवा तसा घुमट करता येतो. पण अंग मऊ. आणि नको ते रसायन लागलं की आतून केसासारख्या भेगा पडतात, उन्हात चमचमतात. त्या खोलवर गेलेल्या असल्या तर कितीही घासा, जात नाहीत. नवं झाकण काही हजार युरोंचं.

माझे बहुतेक ओरखडे नखाला लागत नव्हते, एकच लागत होता. त्यासाठी मायक्रो-मेश नावाचं पाठीला लवचीक थर असलेलं घासकापड काढलं. गॅरेजवाले वॉटर पेपर वापरतात त्याचंच हे नाजूक भावंड, फक्त आकड्यांचा हिशोब वेगळा: 1500 पासून सुरू करून 1800, 2400, 3200 असं चढत शेवटी 12000. पहिल्या नंबरने उभं घासायचं, सगळं धुऊन टाकायचं, पुढच्या नंबरने आडवं. आधीच्या रेघा पूर्ण पुसल्या गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोरडं घासलं तर घर्षणाने ॲक्रिलिक तापतं, म्हणून पाणी सतत. गोल गोल घासायचं नाही, कारण गोल रेघा सूर्य कुठेही असला तरी चमकतात. (पेपरने मी नेमकं तेच केलं होतं.)

मी आपला ओरखड्यावरच जोर देत होतो. आजोबांनी हात धरला. तेवढ्याच जागी घासलं तर तिथे खळगा पडतो आणि खळग्यातून पलीकडची झाडं वाकडी दिसतात. म्हणून बोटभर ओरखड्यासाठी ताटाएवढा भाग. पहिल्या तासाला तो ताटभर भाग दुधाळ होऊन बसला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. असे तीन शनिवार गेले.

एवढा आटापिटा कशाला, असं मी एकदा विचारलंच. आजोबांनी खडूने झाकणावर बारीक ठिपका काढला आणि मला आत बसवलं. म्हणाले, आकाशात दुसरं विमान सरकताना दिसलं तर बहुधा धडक होत नाही. ज्याच्याशी धडक होणार असते ते झाकणावर एकाच जागी थांबलेलं दिसतं. अगदी या ठिपक्यासारखं. शेवटच्या काही क्षणांत ते एकदम मोठं होतं. आणि एकाच गरम हवेत पाच-सहा ग्लायडर घिरट्या घालत असतात. झाकणावर आधीच डागांची गर्दी असेल तर नेमक्या कुठल्या डागाकडे बघशील?

त्यानंतर मी घड्याळाकडे बघणं सोडलं.

फेब्रुवारीत आईच्या पार्सलात चकल्यांभोवती गुंडाळलेली तिची जुनी सुती साडी आली, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. तेलाचे डाग काढायला ती दोनदा मशीनमध्ये टाकली आणि क्लबात नेली. आजोबांनी ती गालाला लावून पाहिली, मान डोलावली. मग काठावरून अंगठा फिरवला आणि थबकले. काठ जरीचा होता. कात्री आणून त्यांनी दोन्ही काठ कापले, शिवण असलेलं टोकही कापलं, काठांची नीट घडी करून माझ्या हातात दिली, आणि उरलेल्या साडीचे हातरुमालाएवढे तुकडे पाडायला बसले.