आधी हवा कुठे भरणार ते सांगा

भाड्याच्या मार्करचा, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचे बॉल मारणाऱ्या बंदुकीचा, कंटाळा येऊन स्वतःचा मार्कर घेतला, की पेंटबॉल खेळणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हवेची टाकी कोणती घेऊ?" मला हे नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याने तोवर बहुतेक दोन टाक्या निवडूनही ठेवलेल्या असतात, एक ४८/३००० आणि एक ६८/४५००. मी फक्त बोट दाखवायचं बाकी असतं. मी मात्र उलट विचारते, "हवा कुठे भरणार?" यावर समोरचा जरा हिरमुसतो. मार्कर कुठला घेतला असं विचारलं असतं तर त्याने खुशीने सांगितलं असतं.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळं तिथूनच सुरू होतं.

टाकीवरचा पहिला आकडा म्हणजे तिचं आतलं आकारमान, घनइंचांत. दुसरा म्हणजे तिच्यात जास्तीत जास्त किती दाबाची हवा भरायची, पीएसआयमध्ये. ६८ घनइंच म्हणजे साधारण १.१ लिटर. ३००० पीएसआय म्हणजे २०७ बारच्या आसपास आणि ४५०० म्हणजे ३१० बार. काही टाक्यांवर नुसतं लिटर आणि बार छापलेलं असतं, तेव्हा हा हिशेब कामाला येतो. बॉलचा व्यासही .६८ इंच असतो, त्यामुळे '६८च्या मार्करला ६८चीच टाकी लागणार ना?' असंही मला विचारून झालेलं आहे. नाही, या दोन अडुसष्टांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता भरण्याचं. टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर इथे उपयोगाचा नाही. तो शंभर-दीडशे पीएसआयपर्यंत पोचतो, तुम्हाला त्याच्या वीसपट तरी लागणार. त्यामुळे हवा मिळते ती मैदानावरच्या फिल स्टेशनवर किंवा स्कूबा डायव्हिंगच्या दुकानात, आणि या दोन्ही ठिकाणी ४५०० मिळेलच असं नाही. पुष्कळ जागी ३००० लाच थांबतात. ४५०० ची टाकी तिथे नेली तर ती भरून मिळते, पण दोन तृतीयांशच. याच्या उलट मात्र कधीही चालत नाही: ३००० ची टाकी ३००० च्या वर भरायची नाही, भरणारा 'थोडं जास्त देतो' म्हणाला तरी.

मग आकडेमोड करू. खेळाडूंमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: ३००० पीएसआयला घनइंचामागे दहा शॉट, ४५०० ला पंधरा. म्हणजे ४८/३००० मधून ४८० च्या आसपास आणि ६८/४५०० मधून हजाराच्या थोडे वर. मार्कर हवा कमी खाणारा असेल तर जास्त, उधळ्या असेल तर कमी. आता ४५/४५०० घ्या. आटोपशीर, हलकी, दिसायला देखणी टाकी, कागदावर पावणेसातशे शॉट. पण तुमच्या मैदानावर ३००० च मिळत असेल तर त्याच टाकीतून साडेचारशेच निघतील. म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असलेली अ‍ॅल्युमिनियमची ४८/३००० तिच्या पुढे जाते! म्हणून मी आधी हवेचं विचारते.

किती शॉट पुरे, हे कमरेला किती पॉड (जादा बॉलच्या नळ्या) बांधता त्यावरून ठरवा. हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या बॉलच्या डब्यात, साधारण २०० बॉल मावतात, एका पॉडमध्ये १४०. हॉपर आणि दोन पॉड घेऊन उतरलात तर ४८० झाले, म्हणजे ४८/३००० मध्ये जेमतेम बसलात. चार पॉड बांधणाऱ्याला ७६० बॉलची हवा लागते, त्याने ४८ चा विचारही करू नये. मोजून एकेक शॉट मारणाऱ्याला, दर शॉटला हाताने ओढावा लागणाऱ्या पंप मार्करवाल्याला तर १३/३००० देखील चालून जाते. इतरांनी १३ च्या छोट्या टाकीवर भाळू नये. दर थोड्या वेळाने फिल स्टेशनवर जाऊन उभं राहावं लागतं.

अ‍ॅल्युमिनियम की कार्बन फायबर, हा वाद मला फारसा वाद वाटत नाही. पैशांची ओढाताण असेल किंवा हा खेळ आपण किती दिवस खेळणार याचीच खात्री नसेल तर अ‍ॅल्युमिनियम. ४५०० भरून मिळत असेल आणि खेळत राहणार असाल तर कार्बन. गंमत अशी की कार्बनची ६८/४५०० ही पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमच्या ४८/३००० पेक्षा हलकी भरते आणि हवा दुपटीहून जास्त देते. कार्बन टाकीच्या आत अ‍ॅल्युमिनियमचं पातळ कवच असतं, त्यावर कार्बनचे धागे राळेत भिजवून गुंडाळलेले असतात. ताकद त्या धाग्यांची. त्यामुळे वरवरचा ओरखडा चालतो, पण धागा कापला गेलेला किंवा उसवलेला दिसला तर ती टाकी तपासून घेतल्याशिवाय भरायची नाही. रबरी कव्हर घालणं हा शौक नव्हे.

रेग्युलेटरकडे लोक सगळ्यात कमी बघतात, आणि मला बोलायचं असतं त्याच्याचबद्दल. टाकीच्या तोंडावरचा तो पितळी-काळा गोळा म्हणजे नुसता व्हॉल्व्ह नाही. आतला ४५०० चा दाब खाली आणून मार्करला एकसारखा दाब देत राहणं हे त्याचं काम. सर्वसाधारण रेग्युलेटर ८०० ते ८५० पीएसआय देतात, कमी दाबाचे ४५० च्या जवळपास, आणि त्याहूनही खालचे ३०० च्या. तुमच्या मार्करच्या माहितीपुस्तिकेत तो किती दाबावर चालतो ते लिहिलेलं असतं. जुन्या धाटणीच्या, मूळ कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या यांत्रिक मार्करला ८०० लागतात. त्याला ४५० चा रेग्युलेटर लावलात तर तो धड चालणार नाही, आणि दोष मार्करच्या माथी जाईल. नव्या इलेक्ट्रॉनिक मार्करला बरेचदा ४५० पुरतात. काही रेग्युलेटरमध्ये आतल्या चकत्या बदलून दाब कमी-जास्त करता येतो. मार्कर पुढे बदलायचा विचार असेल तर तसा घ्यावा. पण त्या चकत्यांना हात लावायचा तो टाकी पूर्ण रिकामी करूनच.

यातून एक गोष्ट निघते, ती पाटीवर कुठे लिहिलेली नसते. टाकीतला दाब रेग्युलेटरच्या दाबाइतका खाली आला की शॉट मंदावू लागतात, आत हवा शिल्लक असूनही. ८०० च्या रेग्युलेटरवर ३००० च्या टाकीतले २२०० च तुमचे, ४५०० मधले ३७००. म्हणजे दोन्हींमधला फरक दीडपटीपेक्षा थोडा जास्तच पडतो. दहा-पंधराच्या ढोबळ हिशेबात हे धरलेलं नाही, म्हणून मी स्वतः शॉट मोजताना हात थोडा आखडताच ठेवते.

आणि मोठी टाकी घेतल्याने बॉल जोरात जात नाही. वेग मार्करवर ठरतो, आणि तो मैदानावर क्रोनोग्राफसमोर (वेग मोजायच्या यंत्रासमोर) मोजून सेकंदाला २८० ते ३०० फुटांच्या आत ठेवावाच लागतो. टाकी फक्त किती वेळ मारता येईल ते ठरवते.

कार्बन डायऑक्साइडबद्दलही हटकून विचारतात, कारण त्याची टाकी स्वस्त. या खेळाची सुरुवात त्याच गॅसवर झाली. २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी पहिला सामना खेळला गेला, तो झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या पिस्तुलांनी, बारा ग्रॅमच्या छोट्या कार्ट्रिजवर. पण हा गॅस टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर हलतो. २० अंश सेल्सियसला तो ८३० पीएसआयच्या आसपास असतो, थंडीत खाली येतो, उन्हात चढतो. भराभर शॉट मारले की टाकी स्वतःच गार पडते आणि वेग ढासळतो. वरून द्रव मार्करमध्ये शिरला तर ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) यांची वाट लागते. इलेक्ट्रॉनिक मार्कर असेल तर या फंदात पडूच नका.

सेकंडहँड टाकी घेताय? मग आकडे राहू द्या बाजूला, आधी तारीख वाचा. टाकीवर, कार्बन असेल तर राळेखालच्या पट्टीवर आणि अ‍ॅल्युमिनियम असेल तर खांद्यावर ठोकलेला, बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. नंतरच्या हायड्रो टेस्टची खूणही तशीच. या चाचणीत टाकीत पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात आणि ती किती फुगते, परत मूळ मापाला येते का, ते मोजतात. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ती साधारण दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि बऱ्याच कार्बन टाक्यांचं आयुष्यच १५ वर्षांचं धरलेलं असतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठरलेली मर्यादा नाही, चाचणीत पास होत राहिली की झालं. तुमच्या देशात कुठला शिक्का मान्य आहे तेही बघून घ्या. अमेरिकेचा वेगळा, युरोपातला पाय या ग्रीक अक्षराचा वेगळा. तारीख उलटलेली टाकी चांगलं फिल स्टेशन भरून देणार नाही. निम्म्या किमतीत मिळणारी १३ वर्षांची कार्बन टाकी स्वस्त नसते. तिची दोनच वर्षं उरलेली असतात आणि त्यातही एखादी चाचणी निघाली तर खर्च तुमचा.

पट्टी वाचून झाली की रेग्युलेटर बघा. त्यावर दोन छोटे षटकोनी बोल्ट दिसतील, त्या बर्स्ट डिस्क. दाब हाताबाहेर गेला तर त्या फुटतात आणि हवा बाहेर सोडतात. कान बधिर होईल असा आवाज होतो, पण टाकी वाचते. ३००० च्या टाकीच्या रेग्युलेटरला ५००० ची डिस्क असते, ४५०० वाल्याला ७५०० ची. कमी दाबाच्या, म्हणजे मार्करकडच्या बाजूला १८०० ची. आता एखाद्याने ३००० च्या अ‍ॅल्युमिनियम टाकीवर ४५०० चा रेग्युलेटर चढवून ती विकायला ठेवली असेल तर? दिसायला झकास. पण टाकीत चुकून जास्त हवा गेली तर जिने ५००० ला फुटायला हवं ती डिस्क ७५०० पर्यंत ढिम्म बसून राहणार. अशी जोडी दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

टाकी आणि रेग्युलेटर जिथे जुळतात तिथे दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ मी मारून ठेवते. मार्करमधून टाकी फिरवून काढताना ती रेघ तुटलेली दिसली, तर रेग्युलेटर टाकीपासून सुटायला लागलाय. जागच्या जागी थांबायचं. कार्बन डायऑक्साइडच्या टाक्यांमध्ये असं होऊन टाकी सुटून लागल्याने माणसं दगावलेली आहेत, त्यामुळे या रेघेला कुणी हसलं तर हसू दे.

अंगाला बसणं हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. टाकी म्हणजे मार्करचा दस्ताच, ती खांद्यात टेकते. लांब मार्करला ९० घनइंचाची टाकी लावून एखादा किरकोळ बांध्याचा मुलगा येतो तेव्हा नाकापेक्षा मोती जड होतो: हात ताणलेले, मान वाकडी, मास्क टाकीला आपटतोय. कुणाची तरी टाकी मागून लावून बघा, डोळे मिटून मार्कर खांद्याला लावा, मग उघडा. नळी सरळ नजरेसमोर आली पाहिजे. येत नसेल तर ४५ किंवा ५० ची बघा, अर्थात ४५०० भरून मिळत असेल तर.

भरताना एवढं सांभाळा. निपल, म्हणजे हवा भरायचं तोंड, स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायचं, त्यावर तेल किंवा ग्रीस कधीच नाही. इतक्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. हवा सावकाश सोडायची. भसकन भरली की टाकी हाताला गरम लागते, काटा ४५०० दाखवतो, आणि निवल्यावर तोच काटा चार-पाचशेने खाली येतो. मग 'गळतेय' म्हणून ओरड सुरू होते. गळत नसते, हवा निवते. टाकी ठेवून देताना पूर्ण रिकामी करू नका, थोडा दाब आत राहू द्या म्हणजे ओलावा शिरत नाही. विमानाने न्यायची असेल तर ती रिकामी आणि रेग्युलेटर काढून न्यावी लागते, आणि तो काढणं माहितगाराचं काम.

एक मोठी घ्यावी की दोन मध्यम, हेही विचारतात. फिल स्टेशनवर रांग लागत असेल तर दोन ४८ मला एका ७७ पेक्षा बऱ्या वाटतात. एक रांगेत ठेवून दुसरीवर खेळता येतं. टाकी बसते तिथे लागणाऱ्या ०१५ मापाच्या ओ-रिंगा मात्र एक-दोन नव्हे, मूठभर जवळ ठेवा. गळतीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.