खालून वर चढणारं तेल

मे संपत आला की मालवणजवळच्या देवबागात होड्या वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मामांची होडी माडांखाली येते, तिच्या पाठीवरचं मशीन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, उतरवून लाकडी घोडीवर उभं करतात आणि ठाण्याहून सुट्टीला गेलेल्या भाच्याला वर्षातलं एकमेव मानाचं काम मिळतं. गिअर ऑइल बदलायचं.

काम म्हणावं तर काहीच नाही. पाण्यात फिरून होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या पुढे जो फुगीर भाग असतो, त्याच्या अंगावर दोन स्क्रू. एक अगदी तळाशी, दुसरा बराच वर. आत जेमतेम तीन गिअर आणि छोट्या मशीनला साधारण पाव लिटर तेल. वरून उभा येणारा दांडा फिरतो, त्याचं फिरणं काटकोनात वळवून पंख्याच्या आडव्या दांड्याला द्यायचं, एवढीच त्या बिचाऱ्यांची नोकरी. पण ती बजावायची भर पाण्याखाली.

पहिल्या वर्षी मी जुनं तेल काढलं, खालचा स्क्रू घट्ट बसवला आणि नरसाळं शोधायला लागलो. तेल वरून ओततात, यात शंका घेण्यासारखं काय आहे? समईत वरून, कढईत वरून, शनिवारी मारुतीवर तर थेट डोक्यावरून. मी वरच्या भोकातून धार धरली. चार थेंब आत गेले, मग आतल्या हवेने बुडबुडा काढून ते माझ्याच शर्टावर परत केले. अर्धा तास असा गेला. मामा जाळ्याची भोकं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "खालसून भर रे, खालसून!"

तेव्हापासून खालच्या भोकाला नळी लावतो आणि तेल दाबत दाबत वर चढवतो. तेल जसं वर येतं तशी हवा वरच्या भोकातून निघून जाते. शेवटी त्या भोकाच्या ओठावर सोनेरी थेंब फुगतो आणि ओघळतो, की पोट भरलं. यातला सगळ्यात देखणा भाग पुढेच आहे. आधी वरचा स्क्रू लावायचा, मगच खालची नळी काढायची. कोकम सरबताच्या नळीचं वरचं टोक बोटाने दाबून ती उचलली तर सरबत आतच राहतं ना, तसंच. खालून थोडं ठिबकतं, तेवढ्यात स्क्रू बसतो. स्क्रूखालची वायसर मात्र दर वेळी नवी. दहा-वीस रुपयांसाठी तिथे कंजूषपणा केला तर समुद्र त्याच फटीतून आत शिरतो.

मला खरी उत्सुकता असते ती भरण्याआधीच्या क्षणाची. खालचा स्क्रू सैल केला की पहिला थेंब कसा येतो? काळपट आला तर वर्ष नेहमीसारखं गेलं. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्याला करडी, काजळासारखी पेस्ट चिकटलेली असते. तीही चालते, ती गिअरांची रोजची झीज. टोचणारे कण हाताला लागले तर मात्र मामा जाळं खाली ठेवतात.

आणि एका वर्षी आला तो थेट पांढरा. दुधट, फेसाळ. "पाणी प्यालां मरे ह्यां!" मामा म्हणाले आणि त्यांनी पंखाच काढायला घेतला. पंख्यामागे दांड्याला तंगूस गुंडाळलेला होता, इतका घट्ट की सुरीने कापून काढावा लागला. कुठल्या तरी फाटक्या जाळ्याचा तो धागा फिरत फिरत पाणी अडवणाऱ्या सीलमध्ये घुसला होता आणि त्याने पाण्याला वाट करून दिली होती. पावसाळाभर ते पाणी तसंच आत राहिलं असतं तर बेअरिंगं गंजली असती. थंड देशांत तर असं पाणी हिवाळ्यात गोठून अख्खं कवच तडकवतं.

१९०९ साली अशी मोटर बाजारात आणणाऱ्या ओले एव्हिनरूड यांची एक गोष्ट सांगतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तळ्यावर सहलीला गेले असताना मैत्रिणीसाठी आईस्क्रीम आणायला ते वल्हवत गेले, आणि परत येईपर्यंत ते वितळलं. त्यातून मोटरची कल्पना सुचली. ही गोष्ट मामांना सांगितली तर त्यांनी बादलीतल्या त्या दुधाकडे बोट दाखवलं. "ता हयसरच गळलां दिसता."

यंदा थेंब काळा आला. मी नवं भरलं, वरचा, मग खालचा, हात पुसले. गिअर ऑइलला गंधकासारखा एक कुबट वास असतो आणि तो साबणाला दाद देत नाही. राख झाली, वाळू झाली, नारळाच्या सोडणाने घासून झालं. पानावर बसलो. मामीने बांगड्याचं तिकलं वाढता वाढता हात आखडता घेतला.

"परत एकदा धुवन ये."