बॅग टॅक्सीतच राहिली

‘डेडपूल’ हा २०१६ सालचा विनोदी सुपरहिरोपट शेवटाकडे येतो तेव्हा नायक झाडून सगळी शस्त्रं एका बॅगेत कोंबतो आणि खलनायकाच्या अड्ड्यावर निघतो. आपण सरसावून बसतो. आता धुमश्चक्री होणार, भिंतींची चाळण होणार. आणि हा पठ्ठ्या बॅग टॅक्सीतच विसरतो.

हा विनोद मला आधी नुसताच आवडला होता, त्यामागचं कारण कळल्यावर जास्त आवडला. शूटिंगच्या तोंडावर स्टुडिओने बजेटला कात्री लावली आणि पटकथेतला शेवटचा मोठा गोळीबार परवडेनासा झाला. लेखक ऱ्हेट रीस आणि पॉल वर्निक यांनी मग नायकालाच विसराळू करून टाकलं. गोळीबार टळला, पैसे वाचले, वर हशा मिळाला. काटकसरीतून इतका चोख माल निघालेला मी क्वचितच पाहिलाय.

एकदा हे कळलं की सिनेमाभर ती ओढाताण दिसायला लागते. हायवेवरच्या मारामारीत नायकाकडे मोजून बारा गोळ्या, त्यामुळे एकेक गोळी जपून वापरायची. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या चमूच्या अवाढव्य वाड्यात जावं तर तिथे भेटतात दोघंच: पोलादी कोलोसस आणि कायम कपाळाला आठ्या घातलेली एक मुलगी. एवढ्या वाड्यात हेच दोघे कसे दिसतात, असं नायक तोंडावर विचारतो आणि स्टुडिओला तिसरा परवडला नसावा, अशी शंकाही बोलून दाखवतो. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत तर कुणाचं नावच नाही. एक ब्रिटिश खलनायक, एक तिरसट पोरगी, एक कॉम्प्युटरने बनवलेलं पात्र, असं सगळ्यांना ठोकळ्यांत बसवलंय. टिम मिलरचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा, तर त्याच्या वाट्याला फुकटचे पैसे खाणारा असा टोमणा. लेखक मात्र खरे हिरो! श्रेयनामावली कुणी लिहिली असेल, हे सांगायला नको.

खर्च ५ कोटी ८० लाख डॉलर आणि कमाई ७८ कोटींच्या वर. सुपरहिरोंच्या दुनियेत ५ कोटी ८० लाख म्हणजे चिल्लरच. याआधी २००९ साली ‘एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिन’मध्ये हेच पात्र याच नटाला, रायन रेनॉल्ड्सला, देऊन स्टुडिओने त्याचं तोंड शिवून टाकलं होतं. ज्याची सगळी ताकद जिभेत, त्याचं तोंड शिवायचं ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

मग २०१८ साली ‘डेडपूल २’ आला. आता खर्च ११ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दुप्पट. गंमत अशी की कमाई जिथल्या तिथे, पुन्हा ७८ कोटींच्या आसपास.

या दोन सिनेमांतला फरक मला सगळ्यात नीट कुठे ऐकू येतो सांगू? डोपिंदरच्या टॅक्सीत. करण सोनीने केलेला हा टॅक्सीवाला दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे त्याच्या टॅक्सीत हिंदी गाणं वाजतं. पहिल्यात १९५५च्या ‘श्री ४२०’मधलं ‘मेरा जूता है जापानी’, दुसऱ्यात २००४च्या ‘स्वदेस’मधलं ‘यूँ ही चला चल राही’. एक गाणं अंगावरचं काहीच धड स्वतःचं नसलेल्या, तरी छाती काढून चालणाऱ्या भटक्याचं. दुसरं नासातल्या इंजिनिअरचं, ऐसपैस गाडीतून गावाकडे निघालेल्या. (वाटेत मकरंद देशपांडेंना लिफ्ट देतो, तोच तो.) गाणी निवडणाऱ्याच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. पण दोन्ही सिनेमांच्या परिस्थितीचं याहून अचूक वर्णन मला तरी सापडलेलं नाही.

ऐसपैस गाडी वाईट असते असं नाही. मिलर बाजूला झाला आणि डेव्हिड लीच आला. मूळचा स्टंटमन असल्यामुळे दुसऱ्या भागातली हाणामारी पहिल्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे. जॉश ब्रोलिनचा केबल, भविष्यातून आलेला सैनिक, दमदार आहे. त्याच वर्षी ब्रोलिन दुसऱ्या एका सुपरहिरोपटात थॅनोस हा खलनायकही झाला होता आणि ते आपल्याला आठवण्याआधीच नायक बोलून मोकळा होतो. झाझी बीट्झच्या डॉमिनोची शक्ती काय, तर नशीब. आजूबाजूला गाड्या उलटतायत, सगळं कोसळतंय आणि ही बाई केसालाही धक्का न लागता त्यातून चाललीय. पैशाचा असा उपयोग होत असेल तर माझी काही तक्रार नाही.

पण दुसऱ्या भागातला सगळ्यात थोर प्रसंग विमानातून उड्या मारण्याचा. नायक एक टोळी जमवतो. ट्रेलरमध्ये या टोळीचा केवढा गाजावाजा! टेरी क्रूजसारखा नट, प्रत्येकाची वेगळी शक्ती, मुलाखती घेऊन केलेली निवड. मग सगळे पॅराशूट घेऊन उडी मारतात, वारा जोरात असतो आणि डॉमिनो सोडून सगळे काही मिनिटांत मरतात. एक बसवर आपटतो, एक हेलिकॉप्टरच्या पात्यांत जातो. एक अदृश्य माणूस विजेच्या तारांवर पडतो आणि शॉक लागताच क्षणभर दिसतो, तर तो ब्रॅड पिट! आख्खा ब्रॅड पिट डोळ्याची पापणी लवेपर्यंत दाखवून जाळून टाकायचा. पहिल्या सिनेमाकडे जे नव्हतं ते यांनी विकत आणलं आणि सगळं एका दमात खड्ड्यात घातलं. इथे दुसरा भाग पहिल्याचा खरा भाऊ शोभतो.

खटकतो तो भलत्याच ठिकाणी. नायकाची प्रेयसी व्हनेसा सुरुवातीलाच मारली जाते. नायकाला दुःख हवं म्हणून नायिकेचा बळी, हा इतका जुना प्रकार आहे की या सिनेमाने त्याची टर उडवायला हवी होती. श्रेयनामावली पाटी टाकून आपल्याबरोबर हळहळते, पण बळी घ्यायचा तो घेतेच. पुढे केबलकडे काळात मागे जाण्याचं यंत्र निघतं. मग आणखी मागे जाऊन सगळंच का सुधारत नाहीस, असं विचारलं तर म्हणतो, दोनच फेऱ्यांपुरती ताकद आहे, एक यायला, एक जायला. त्यावर नायक शेरा मारतो की हे आळशी लिखाण झालं. प्रेक्षागृहात हशा. मीही हसले. घरी येता येता मात्र ती बॅग आठवली. तिथली टंचाई खरी होती आणि तिच्यावर तोडगा काढणं भाग होतं. इथे सगळं मुबलक असताना टंचाई कथेसाठी मुद्दाम आणलेली, आणि ती लंगडी आहे हे आपणच आधी बोलून टाकलं की टीकाकारांचं तोंड बंद. पहिल्या भागात स्वतःची टर उडवण्यात जी बेफिकिरी होती, तिचा इथे विम्याचा हप्ता झालाय.

बरं, ती टंचाईसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाही. नामावली सुरू झाल्यावर यंत्र दुरुस्त होतं आणि नायक भूतकाळात मनसोक्त हिंडून येतो. व्हनेसाला वाचवतो. २००९च्या त्या तोंड शिवलेल्या अवताराला गोळ्या घालतो. स्वतः रेनॉल्ड्सलाही सोडत नाही. हसून पोट दुखतं, पण व्हनेसासाठी दोन तास वाहिलेलं दुःख त्यात फुकट जातं.

त्या टोळीत पीटर नावाचा एक मिशीवाला गृहस्थ होता. कसलीही शक्ती नसलेला, केवळ जाहिरात वाचून आलेला. नायक त्यालाही गाठतो आणि प्रेमाने घरी पाठवून देतो. बाकीचे तिथेच, त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात असतात. त्यांना सांगायला नायकाला फार तर आणखी अर्धं मिनिट लागलं असतं. पण बसवर आपटलेल्या टेरी क्रूजला वाचवण्याची त्याला काही गरज वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटली नाही.