जमीन का दिलीत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, आमचं शेत कोळसा खाणीत गेलं, एवढं कळलं की मुंबई-पुण्याच्या माणसाचा प्रश्न ठरलेला: "एवढी काळीभोर जमीन, का दिलीत?" आवाजात हळहळ असते, आणि तिच्याआड थोडा ठपकाही.

एकदाच सांगते. कोळसा असलेल्या जमिनींसाठी १९५७चा वेगळा कायदा आहे. त्याची कलमं आमच्या गावात शाळा सोडलेल्यालाही पाठ असतात. सेक्शन चार लागलं म्हणजे शोध घेणार, सात म्हणजे जमीन घेणार, नऊ म्हणजे घेतली. सातनंतर हरकतीला तीस दिवस. बाबांनी हरकत घेतली होती. तरी नऊ लागलंच.

आणि हे आमच्यापासून सुरू झालेलं नाही. मुंबईच्या गिरण्या विलायतेहून जहाजाने आलेला कोळसा जाळायच्या, त्या शतकात इंग्रजांनी वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळसा खाणीपर्यंत रूळ आणले. मग बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, सास्ती. १९७३ साली खाणी सरकारी झाल्या. आमच्या घरी सिगडीसुद्धा दगडी कोळशाची. धूर ओसरेपर्यंत ती अंगणात ठेवायची. आता इथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे, आणि चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी. पडघा कुठे आहे ते डोंबिवलीकरांना मी काय सांगू! (कुत्सित झालं. राहू द्या.)

मात्र एक गोष्ट आम्ही आपल्या हाताने दिली. म्हणजे मी दिली.

खाणीत गेलेल्या दोन एकराला खाणीत एक नोकरी. आमची जमीन चार एकर आणि भावंडं तीन. मी बी.ए. झालेली, धाकटा दहावीत अडकलेला. ओसरीवर सातबारा पसरून बाबा आणि काका बसले होते. काका म्हणाले, "पोरगी तं दुसऱ्याच्या घरी जाते. तिले काहून नोकरी?" मी म्हटलं, टाइम ऑफिसात, काटाघरात बाया नाहीत काय? बायांना खाली उतरायची तेव्हा कायद्यानेच बंदी होती, पण वर तर नव्हती. थोरला भाऊ सातबाऱ्याकडेच बघत राहिला. आई आतून म्हणाली, "जेवा आधी." कोणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने बाबा बोलले, "बाई, हक्कसोडपत्रावर तुयी सही लागते." माझ्याकडे न बघता. काकांनी पेन आधीच खिशातून काढलं होतं.

मी सही केली. भावांसाठी त्याग केला, असं पुढे कितीतरी वर्षं मीच ऐटीत सांगायची. ते अर्धंच होतं. सही नाही तर फाइल अडेल, दोन्ही नोकऱ्या जातील, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. त्या पोरीशी मी अजून भांडते: अडू द्यायची होतीस. ती उलट विचारते, आणि खाल्लं काय असतं? शेत तर गेलंच होतं. यावर माझ्याकडे काही नाही.

म्हणून "का दिलीत" हे बाबांना विचारू नका, ते हरकतीचा अर्ज दाखवतील. थोरला भाऊ म्हणतो, तू उगाच जुनं उकरतेस. असेल. माझं लग्न त्याच्या खाणीच्या पगारातून झालं, हेही तोच ऐकवतो, आणि ते खोटं नाही.