गुरगुर थांबली, तेव्हा मी खूश झाले होते

आमची कुत्री भुरी आमच्याकडे आली तेव्हा तीन वर्षांची होती. मी तिला मिठीत घेतलं की ती जांभई द्यायची, जिभेने नाक चाटायची, तोंड दुसरीकडे वळवायची. मला वाटायचं, किती लवकर रुळली ही!

फक्त हाड चघळताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायची. मला ते खपायचं नाही. दर वेळी दटावलं. महिन्याभरात गुरगुर थांबली, आणि भुरीला वळण लागलं म्हणून मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. मग एका संध्याकाळी भाची तिच्या गळ्यात पडायला वाकली आणि भुरीने तोंडातून आवाजही न काढता हातावर झडप घातली. दात बाहीलाच लागले, पण माझे हातपाय गळाले.

ट्रेनरताईंनी आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण दुखत असलं तरी कुत्री अशी वागतात. एक कान आतून सुजलेला निघाला. मिठी मारताना मी त्याच कानावर दाब देत होते. आजही आठवलं की पोटात तुटतं. औषधाने कान बरा झाला. पण ताई म्हणाल्या, "मिठीतली जांभई, नाक चाटणं, तोंड वळवणं म्हणजे 'नको'च होतं. गुरगुरूनही ती आधी सांगत होती. ते सांगणं तुम्ही बंद केलंत, भीती तशीच राहिली."

त्यांच्या सांगण्यावरून मी तिचे व्हिडिओ काढले आणि आवाज बंद करून, वेग कमी करून पाहिले. हाड घेऊन बसलेली भुरी. जबडा सैल. दारात माझा भाऊ येतो. चघळणं थांबतं, तोंड मिटतं. मान जागची हलत नाही, फक्त डोळे फिरतात आणि कडेची पांढरी कोर दिसते. आणि शेपूट चक्क हलतेय! ताठ, उंच, नुसतं टोक. शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, असंच मी आजवर धरून चालले होते. 2007 साली इटलीतल्या संशोधकांनी 30 कुत्र्यांवर अभ्यास केला, त्यात मालक दिसल्यावर शेपूट उजवीकडे जास्त झुकली आणि अनोळखी, दांडगं कुत्रं दिसल्यावर डावीकडे. उजवं-डावं मला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. ताठ की सैल, एवढं येतं.

चप्पल कुरतडल्यावरचा तिचा तो ओशाळा चेहराही मी चुकीचा वाचत होते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या 2009 सालच्या प्रयोगात मालक रागावला की कुत्री तसा चेहरा करत, मग त्यांनी काही केलेलं असो वा नसो.

आता मी तीन सेकंद कुरवाळते आणि हात काढून घेते. ती अंगाला खेटली तरच पुढे. पहिले कित्येक दिवस ती उठून जायची, आणि मी जाऊ द्यायचे.

चार महिन्यांनी, हाड चघळत असताना भाची जवळ आली आणि भुरी हलकेच गुरगुरली. मी भाचीला म्हटलं, "मागे ये, सोन्या." ती दोन पावलं मागे आली. भुरीचा जबडा सैल झाला आणि ती पुन्हा चघळायला लागली.