एकाच भिंतीचे दोन रंग

वादळात झाडाची फांदी कोसळली आणि पश्चिमेकडच्या भिंतीचा दोन मीटर बाय दीड मीटर गिलावा घेऊन गेली. विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, टेप लावली, फोटो काढले. ३ चौरस मीटरचा हिशोब झाला, क्लेम मंजूर. एवढ्या झटपट काम झालं म्हणून मी खूश होतो, आणि तिथंच फसलो.

माळ्यावर जुन्या रंगाचा डबा जपून ठेवला होता. रंगाऱ्यानं त्यावरच्या शेड नंबरवरून तोच रंग आणला. ओला होता तोवर वाटलं, जमलं. वाळल्यावर भिंतीला चक्क ठिगळ दिसायला लागलं. त्यात रंगाऱ्याचा काय दोष? नंबर होता आठ वर्षांपूर्वीच्या रंगाचा, आणि भिंत तेव्हापासून उन्हात उभी. जुन्या भागावर बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागायची.

दुसरी चूक सर्वस्वी माझी. सिमेंटचा गिलावा मुरायला साधारण २८ दिवस द्यावेत म्हणतात. मी घाई करून नवव्याच दिवशी रंग मारून घेतला. पुढं ठिगळाच्या कडेनं क्षाराचे पांढरे डाग उठले. ते काही विमा कंपनीच्या माथी मारले नाहीत.

रंगाबद्दल मात्र लिहिलं. उत्तर आलं, नुकसान झालेल्या भागाची दुरुस्ती झाली आहे, बाकीची भिंत शाबूत आहे. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. विमा नुकसान भरून देतो, घर नवंकोरं करून देत नाही. मग पॉलिसी पहिल्यांदाच नीट वाचली (लाज वाटते, पण खरं आहे). काही पॉलिसींमध्ये नुसत्या जुळणीसाठी शाबूत भागाचा खर्च मिळणार नाही, असं साफ लिहिलेलं असतं. माझ्या पॉलिसीत तसं कलम नव्हतं. ‘पूर्वीच्या स्थितीत आणणे’ असे शब्द होते. फांदी पडण्यापूर्वीची भिंत एका रंगाची होती. हाच मुद्दा धरला.

अख्ख्या घराचा रंग मागितला असता तर दारातूनच परत पाठवलं असतं. मी मागितली फक्त ती एक बाजू, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर उजेड बदलतो, त्यामुळे दोन बाजूंच्या छटेतला फरक सहसा डोळ्यात येत नाही; सपाट भिंतीच्या मधोमध मात्र तो लपत नाही. सोबत जोडलं ते असं: उन्हातला आणि ढगाळ हवेतला फोटो, घरच्या एका समारंभाचा जुना फोटो ज्यात ती भिंत मागे होती, आणि तेवढाच भाग रंगवून छटा जुळणार नाही असं रंगाऱ्यानं सहीनिशी दिलेलं पत्र. या पत्राचं वजन माझ्या चार पानी तक्रारीपेक्षा जास्त पडलं असावं, कारण दुसऱ्या भेटीत सर्व्हेअरनी आधी तेच मागितलं. मग गेटपाशी जाऊन लांबून भिंत पाहिली आणि काही न बोलता लिहून घेतलं.

पूर्ण बाजूचा रंग मंजूर झाला, जुन्या रंगाच्या वयाचा घसारा वजा करून. परांचीचा खर्च मी अंदाजपत्रकात लिहायलाच विसरलो होतो, तो खिशातून गेला.

या खेपेला डाग खरवडले, क्षार थांबेपर्यंत वाट पाहिली. सगळे डबे एका पिंपात ओतून ढवळले, कारण एकाच नंबरच्या दोन डब्यांतही किंचित फरक निघू शकतो. रंग छान बसला. समाधान झाल्याच्या कागदावर मी लगेच सही केली.

जुना गिलावा जाड वाळूचा, खरबरीत होता. गवंड्यानं नवा घोटून गुळगुळीत केला होता. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की एकाच रंगातून तो चौकोन स्पष्ट उठून दिसतो. सर्व्हेअर दोन्ही वेळा सकाळी आले होते, आणि सहीही मी सकाळीच केली.